विश्लेषण : तळघरातला दुसरा पंप महाग, की बुडालेले तळघर?

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांत गेल्या दोन दशकांत उभ्या राहिलेल्या असंख्य सोसायट्यांना तळघर आहे. तिथे गाड्या उभ्या असतात. अनेक ठिकाणी पिण्याच्या पाण्याची टाकी, वीज मीटर, आग विझवण्याचा पंप आणि लिफ्टचा खड्डाही तिथेच असतो. या तळघरात पाणी साचू नये म्हणून बिल्डरने एक पंप बसवून दिलेला असतो. तो ऐन पावसात बंद पडला तर काय, हा प्रश्न वार्षिक सभेत निघतो आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून मागे पडतो. कारण एकच, खर्च. हा खर्च नेमका किती, त्यातून काय मिळते, काय मिळत नाही आणि तो कुणी उचलायचा, याचा हा आढावा.

तळघरात पाणी येते कुठून?

पंपाची किंमत विचारण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा, कारण उत्तरावर सगळा हिशेब अवलंबून आहे. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी जमा होते.

समजा, गाड्या उतरण्याचा उघडा रॅम्प ६ मीटर रुंद आणि २५ मीटर लांब आहे. म्हणजे १५० चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटर असा झोडपून पाऊस झाला, तर रॅम्पवरून तासाला १५ हजार लिटर, म्हणजे मिनिटाला २५० लिटर पाणी खाली येईल. हे पाणी एक साधा पंप सहज उपसतो.

आता समजा, रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा नाही आणि आवारातल्या १,००० चौरस मीटर जागेचा उतार रॅम्पकडेच आहे. त्याच पावसात तासाला एक लाख लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १,६५० लिटर पाणी खाली येईल. इथे एक पंप कमी पडतो.

तिसरी शक्यता रस्त्यावरच्या पाण्याची. रस्ता तुंबला आणि ६ मीटर रुंदीच्या रॅम्पवरून जेमतेम १० सेंटिमीटर खोलीचा प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आत आला, तर सेकंदाला ३०० लिटर, मिनिटाला १८ हजार लिटर पाणी होते. सोसायटीला परवडेल असा कोणताही पंप याला पुरा पडत नाही. याशिवाय भिंती आणि फरशीतून झिरपणारे पाणी असतेच. खाडीलगत किंवा नदीकाठी ते पाऊस थांबल्यावरही येत राहते.

पंप असतानाही तळघर का बुडते?

पहिले कारण वीज. जोरदार पाऊस आणि वीज जाणे या दोन गोष्टी सोबतच येतात. परिसरात पाणी साचले, की शॉक लागून जीव जाऊ नये म्हणून वीज कंपनी स्वतःहून पुरवठा बंद करते. ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा, की पंपाची गरज सर्वांत जास्त असते नेमक्या त्याच वेळी तो बंद असतो. मेन लाइनवर चालणारा एकुलता एक पंप हा रोजच्या झिरपणीसाठी ठीक आहे, पुरासाठी नाही.

दुसरे कारण फ्लोट स्विच. खड्ड्यातले पाणी वर आले, की हा तरंगणारा स्विच पंप सुरू करतो. त्यात प्लॅस्टिकची पिशवी किंवा वायर अडकली, की पंप शाबूत असूनही सुरू होत नाही. तिसरे, तीन फेजपैकी एक फेज गेली आणि पॅनेलमध्ये संरक्षण नसेल, तर मोटार जळते. चौथे कारण सहसा लक्षातच येत नाही. पंप पाणी टाकतो कुठे? मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती. ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पात हे लक्ष्य ५० मिलिमीटरवर नेण्यात आले. त्यात मोठी भरती असेल, तर नाल्यांचे पाणी समुद्र मागे ढकलतो. अशा वेळी पंपाचा पाइप रस्त्याकडेच्या भरलेल्या चेंबरमध्ये सोडलेला असेल आणि त्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल, तर पंप थांबताच तेच पाणी त्याच पाइपातून तळघरात परत येते.

पंप बंद पडल्यावर हातात वेळ किती असतो? १,००० चौरस मीटरच्या तळघरात ३० सेंटिमीटर पाणी म्हणजे तीन लाख लिटर. फक्त रॅम्पवरचा पाऊस आत येत असेल आणि तो तितक्याच जोराने कोसळत राहिला, तरी इतके पाणी साचायला २० तास लागतील. आवाराचे पाणी येत असेल, तर तीनच तास. रस्त्याचा लोंढा आत शिरला, तर पंधरा-वीस मिनिटे.

मग दुसरा पंप आणला की झाले?

नाही. बहुतेक सोसायट्यांचे पैसे इथेच वाया जातात. पहिल्या पंपाशेजारी तसाच दुसरा पंप, त्याच पॅनेलवर, त्याच फ्लोटवर, त्याच वीजजोडणीवर बसवला जातो. पहिला पंप जळाला तर दुसरा उपयोगी पडेल, हे खरे. पण वीज गेली तर दोन्ही एकदम बंद. ज्या कारणाने मूळ यंत्रणा कोलमडते, त्याच कारणाने पर्यायी यंत्रणाही कोलमडत असेल, तर तिला बॅकअप म्हणता येत नाही.

याचे मोठे उदाहरण न्यूयॉर्कचे. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘सँडी’ वादळाचे पाणी मॅनहॅटनमध्ये शिरले. तिथल्या बेलव्ह्यू रुग्णालयाने जनरेटर १३व्या मजल्यावर ठेवले होते. पण त्यांना इंधन पोचवणारे पंप तळघरात होते. तळघर बुडाले, इंधन वर जाईना. कर्मचाऱ्यांनी जिन्यात साखळी करून हातोहात इंधन वर पोचवले आणि अखेर रुग्णालय रिकामे करावे लागले. यंत्रणेतला एक भाग जरी पाण्याच्या पातळीखाली राहिला, तरी वरच्या सगळ्या खर्चावर पाणी फिरते.

आपल्याकडे याची छोटी आवृत्ती सर्रास दिसते. सोसायटीत लिफ्टसाठी जनरेटर असतो, पण तळघरातला पंप त्या जनरेटरच्या लाइनवर जोडलेलाच नसतो. किंवा जोडलेला असतो, पण त्याचे पॅनेल तळघराच्या भिंतीवर गुडघ्याइतक्या उंचीवर असते. तुमच्या सोसायटीत काय स्थिती आहे, हे इलेक्ट्रिशियन दहा मिनिटांत सांगू शकतो. हा प्रश्न फुकट आहे आणि तो सर्वांत आधी विचारायला हवा.

खर्च किती?

पुढचे आकडे ढोबळ आहेत. ब्रँड, शहर, पाइपाची लांबी यानुसार ते बदलतील. कोटेशन आल्यावर ताडून पाहण्यापुरता त्यांचा उपयोग. मध्यम आकाराच्या, एकाच मजल्याचे तळघर असलेल्या सोसायटीसाठी :

• ३ एचपीचा पाण्यात बुडून चालणारा डिवॉटरिंग पंप : २५ ते ५० हजार रुपये. ८ मीटर उंचीवर पाणी टाकताना तो मिनिटाला साधारण ५०० ते ७०० लिटर उपसतो.

• दोन्ही पंप आळीपाळीने चालवणारे, फेज-संरक्षण असलेले पॅनेल, दोन स्वतंत्र फ्लोट आणि भोंगा : १५ ते ३० हजार.

• स्वतंत्र पाइप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि मजुरी : १५ ते ३० हजार.

• असलेल्या जनरेटरपासून केबल आणि चेंजओव्हर : १० ते ४० हजार.

एकूण ६५ हजार ते दीड लाख. ४० सदनिकांच्या सोसायटीत हा खर्च घरटी सुमारे १,६०० ते ३,७५० रुपये होतो, तोही एकदाच. पुढे देखभाल वर्षाला काही हजारांची. तुलनेसाठी, पाणी शिरलेल्या एका गाडीच्या इंजिनाचे बिल लाखाच्या घरात जाऊ शकते आणि तळघरात गाड्या चाळीस असतात.

जनरेटरच नसेल तर चित्र बदलते. १५ केव्हीएचा नवा जनरेटर अडीच ते चार लाखांपर्यंत जातो. केवळ पंपासाठी तो घेणे छोट्या सोसायटीला जड आहे. अशांसाठी डिझेल किंवा पेट्रोलवर चालणारा तीन इंची इंजिन पंप हा मधला मार्ग आहे. २० ते ४५ हजारांत मिळतो आणि विजेवर मुळीच अवलंबून नसतो. मात्र दोन अटी आहेत. हे यंत्र वर उघड्यावरच चालवायचे; तळघरात चालवले तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. आणि असा पंप सुमारे ७ मीटरपेक्षा खोलवरचे पाणी ओढू शकत नाही. एका मजल्याच्या तळघराला तो चालतो, दोन-तीन मजली तळघराला नाही.

घरातला इन्व्हर्टर चालणार नाही का?

इंटरनेटवर शोधले, की बॅटरीवर चालणाऱ्या बॅकअप पंपांच्या जाहिराती आणि व्हिडीओ दिसतात. ते बहुतेक अमेरिका-कॅनडातले असतात. तिथे स्वतंत्र घराखाली छोटे तळघर असते आणि झिरपणारे पाणी काढायला अर्धा एचपी किंवा त्याहून लहान पंप पुरतो. तेवढ्याला बॅटरी काही तास साथ देते.

आपल्या सोसायटीचे गणित वेगळे आहे. ३ एचपीची मोटार सहा तास चालवायला साधारण १५ युनिट वीज लागते. घरगुती इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावरच १.८ युनिट असतात. प्रत्यक्षात मिळतात त्याहून कमी. शिवाय मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, ते इन्व्हर्टरला झेपत नाही. हाच नियम जनरेटर निवडतानाही लक्षात ठेवावा. बंगला किंवा रो-हाऊसच्या छोट्या तळघरात अर्धा एचपीचा पंप असेल, तर मात्र चांगला इन्व्हर्टर हा स्वस्त आणि पुरेसा पर्याय आहे.

पंपाने काय होणार नाही?

विक्रेता ही बाजू सांगणार नाही. मिनिटाला १८ हजार लिटरचा लोंढा दुसरा पंप थोपवू शकत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. तशा दिवशी तळघर वाचते ते पाणी आत येऊ न दिल्यामुळे, उपसल्यामुळे नव्हे. राष्ट्रीय इमारत संहितेतही तळघरात पृष्ठभागावरचे पाणी शिरणार नाही अशी व्यवस्था असावी, असेच म्हटले आहे.

म्हणून खर्चाचा क्रम असा हवा : आधी रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा आणि आडवी जाळीची गटार, मग गरजेनुसार काढता-घालता येणारी पाणीरोधक फळी, मग तळघरातले वीज पॅनेल वर हलवणे, आणि त्यानंतर पंप. उंचवटा आणि गटारीचे काम पंपाच्या तुलनेत साधे, गवंड्याच्या हातचे आहे. वरच्या हिशेबात मिनिटाला १,६५० लिटरवरून २५० लिटरवर येण्याची किमया तेच करते. आवाराचे पाणी अडवले, तर ३ एचपीचा एक पंप पुरून उरतो. नाही अडवले, तर तसे तीन पंप लावूनही धाकधूक राहते.

नदीकाठी तर आणखी सावध राहावे लागेल. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारत या रेषांच्या आत असेल, तर तळघरात मीटर, जनरेटर किंवा झोपण्याची जागा ठेवणे हाच धोका आहे. त्यावर पंप हा उपाय नाही.

पैसे कुणी द्यायचे?

सभेत खरा वाद इथे होतो. ‘आमची गाडी नाही, आम्ही का द्यायचे?’ वरवर पाहता प्रश्न रास्त वाटतो. पण तळघर बुडते तेव्हा फक्त गाड्या बुडत नाहीत. पिण्याच्या टाकीत गढूळ पाणी जाते, मीटर रूम बंद होते, लिफ्ट थांबते, आगीचा पंप निकामी होतो. बाराव्या मजल्यावरच्या, गाडी नसलेल्या आजींना तीन दिवस लिफ्ट आणि पाणी नसणे हे गाडी भिजण्यापेक्षा मोठे नुकसान आहे. तेव्हा हा सामायिक सेवेचा खर्च आहे आणि तो दुरुस्ती-देखभाल निधीतून, सर्वांच्या वर्गणीतून व्हायला हवा, असे आमचे मत आहे. गाडीवाल्यांनी थोडा जास्त वाटा उचलावा असे सभेला वाटले, तर पार्किंग शुल्कातून ते करता येईल. पण ‘गाडीवाल्यांचे गाडीवाले बघतील’ ही भूमिका सर्वांनाच महागात पडते.

निधी नाही, ही सबबही तपासून पाहावी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के रक्कम गोळा करणे अपेक्षित आहे. अनेक सोसायट्या मासिक शुल्क कमी दाखवण्यासाठी यातच काटछाट करतात आणि मग पावसाळ्यात तातडीची वर्गणी काढतात.

बिल्डर आणि विमा कंपनीची जबाबदारी काय?

इमारत नवी असेल तर आधी बिल्डरला पत्र द्या. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकाम, कामाचा दर्जा किंवा सेवांमध्ये दोष आढळल्यास आणि तो लेखी कळवल्यास, विकासकाने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. भिंतीतून पाझर, रॅम्पचा उलटा उतार, पंप जनरेटरला न जोडणे या तक्रारी फोटो आणि तारखेसह लेखी नोंदवाव्यात. पाच वर्षे उलटल्यावर हा दरवाजा बंद होतो.

गाडीचा विमा केवळ ‘थर्ड पार्टी’ असेल, तर पुराची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान धरलेले असते. पण पाणी गेलेले इंजिन सुरू केल्यामुळे झालेली मोडतोड ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळे कवच नसेल, तर अनेकदा नाकारली जाते. म्हणून पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करू नये, ती टो करूनच न्यावी.

पाणी शिरलेच तर?

कुणीही खाली उतरू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये दक्षिण कोरियातल्या पोहांग शहरात वादळी पावसात गाड्या काढायला तळमजल्याखालच्या पार्किंगमध्ये गेलेले सात रहिवासी पाणी झपाट्याने भरल्याने मृत्युमुखी पडले. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतल्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरातल्या ग्रंथालयात पाणी शिरून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडाले. दोन्ही ठिकाणी पाणी चढायला तास नव्हे, मिनिटे लागली.

म्हणून भोंगा हा या यंत्रणेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा भाग आहे. खड्डा भरतोय हे रात्री दोन वाजता वॉचमनला ऐकू आले पाहिजे, आणि तेव्हा काय करायचे हे त्याला आधीच सांगितलेले असले पाहिजे : वरून तळघराचा दिवे-प्लगचा पुरवठा बंद करायचा, रॅम्पवर साखळी लावायची, सेक्रेटरीला फोन करायचा, आणि गाडी काढायला निघालेल्या कुणालाही खाली सोडायचे नाही. मग तो चेअरमन असला तरी. यासाठी पंपाची वीजजोडणी दिव्यांपासून वेगळी आणि शॉकपासून संरक्षण देणाऱ्या ब्रेकरवर हवी.

निर्णय कधी घ्यायचा?

गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. म्हणजे पंपाचा विषय येतो तेव्हा पाऊस ओसरत आलेला असतो आणि उत्साहही. पुढचा जून उजाडतो तेव्हा कोटेशन मागवायला वेळ नसतो आणि पंपांना मागणी असते. यावर उपाय साधा आहे. याच सभेत ठराव करा, त्यात रकमेची मर्यादा आणि ‘३१ मेपूर्वी काम पूर्ण’ ही तारीख घाला.

आणि काम झाल्यावर एक चाचणी घ्या. मे महिन्यात एका रविवारी खड्ड्यात टँकरचे पाणी सोडा आणि सोसायटीचा मेन स्विच बंद करा. जनरेटर लागला, पंप सुरू झाला, भोंगा वाजला आणि पाणी रस्त्यावर पोचून परत आले नाही, तर पैसे सत्कारणी लागले. यातले एकही झाले नाही, तर ते कोरड्या मे महिन्यात कळले, हेही कमी नाही. कोटेशनवर सही करण्याआधी ठेकेदाराला ही चाचणी अट म्हणून लिहून द्यायला सांगा. जो तयार होणार नाही, त्याचा पंप कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.